पालथा घडा

मैत्रिणींनो, परवा आलेल्या एका पत्रातल्या चार ओळी काही केल्या मनातून जाईनात. ‘मुलगा तिसरीत आहे. ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो, पण वाचायला बसवलं की पालथ्या घड्यावर पाणी! घरात सगळे त्याला ढ म्हणतात. आता तोही स्वतःला ढ म्हणायला लागलाय.’

हा ‘ढ’ आला कुठून? ब्राह्मी लिपीपासून बाकीची अक्षरं पार बदलली, ढ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. म्हणून पुढे न सरकणारा तो ढ, असं सांगतात. (मला तर वाटतं, त्या बिचाऱ्याला पहिल्याच खेपेला नीट जमलं असेल!)

पालथा घडा, डोक्यात बटाटे, डोक्यात शिरत नाही... आपल्या या बोलण्यात खोट नेहमी डोक्याचीच. पोरं मात्र म्हणतात, ‘आई, डोक्यावरून गेलं.’ म्हणजे डोकं जागच्या जागी आहे, चेंडूच उंच आला! क्रोशाचा नमुना पुस्तकातून वाचताना माझंही असंच झालं होतं. जाऊबाईंनी हात धरून दोन टाके घालून दाखवले, तेव्हा कुठे उमगलं.

ताई, तुमचा घडा पालथा असता तर त्यात गोष्ट राहिली असती का? त्याचं अडतंय ते अक्षरांशी. घ-ध, भ-म यांत गल्लत होते का, पाहा. पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो आणि उच्चारतो नंतर. आपल्याला सवय झाली, पोर गोंधळणारच.

आधी डोळे नि कान तपासून घ्या. तरीही अडत असेल तर अध्ययन अक्षमता असू शकते. तिचा अर्थ बुद्धी कमी असा मुळीच नव्हे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. तज्ज्ञांकडून तपासणी होऊन दाखला मिळाला, तर परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. शाळेतल्या बाईंशी याबद्दल जरूर बोला.

तोवर ताटात रवा पसरून बोटानं एकेक अक्षर गिरवू द्या, तोंडानं उच्चारही करू दे. रोज दहा मिनिटं पुरे. आणि घरातल्या मंडळींचं ‘ढ’ आजच बंद करा. आजोबांना सांगणं अवघड, ते काम त्याच्या बाबांवर सोपवा.