मनाचा विषय ग्रामसभेपुढे यावा

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याने पाठोपाठ तीन बळी घेतले. त्यानंतर तिथल्या बायका गळ्याला खिळ्यांचे पट्टे बांधून खुरपायला जाऊ लागल्या. बिबट्या आधी मान धरतो, म्हणून आधी मान वाचवायची. पिंजरे लागले, नेमबाज आले, पुढाऱ्यांचे दौरे झाले. बिबट्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर वारसांना सरकार 25 लाख रुपये देते. अपंगत्व, जखम, दगावलेले जनावर यांच्याही रकमा ठरलेल्या आहेत. पण रात्री दचकून उठणाऱ्या आणि शाळेच्या वाटेवर आईचा हात न सोडणाऱ्या लेकराचे काय करायचे, याचे उत्तर कुठल्याही तक्त्यात नाही.

हे भय एका गावापुरते नाही. जुन्नर-आंबेगावात उसाच्या फडालगत वस्ती करून राहणारे प्रत्येक घर ते ओळखते. त्यातला राजुरी, आळे, बेल्हे हा भाग कांदा, ऊस आणि दुधावर जगतो. ‘कामाच्या ठिकाणचे मानसिक आरोग्य’ म्हटले की शहरातली काचेची कचेरी डोळ्यांपुढे येते. राजुरीकराचे कामाचे ठिकाण म्हणजे शेत आणि गोठा. वीज रात्रीची असेल तर तो एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी आणि खिशातल्या मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून पाणी भरायला जातो. त्याची वाट पाहत घरातही कुणाचा डोळा लागत नाही. पहाटे धारा काढून डेअरीला दूध घालायचेच असते. एवढे करून कांद्याची पट्टी हातात पडते, तेव्हा कधी कधी गाडीभाडे आणि हमालीही सुटत नाही. महिनोन्‌महिने अपुरी झोप, जिवाची धास्ती आणि डोक्यावर सोसायटीचे कर्ज असेल, तर धडधाकट माणूसही आतून खचतो. त्याला ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणणे पुरेसे नाही. दिवसा वीज देणे हा त्याच्या मनावरचाही उपचार आहे, आणि ती मागणी त्याच भाषेत व्हायला हवी.

कायदा या माणसाच्या बाजूने आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी यंत्रणेकडून मनाच्या आजारावर उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्याला गुन्हेगार न मानता तीव्र तणावाखालचा माणूस मानावे आणि त्याला आधार द्यावा, असेही तोच कायदा सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी शिक्षणसंस्थांसाठी निर्देश दिले : शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा; त्याहून लहान शाळेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे; शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण मिळावे; मदतीचे दूरध्वनी क्रमांक ठळक अक्षरांत लावावेत. हे निर्देश कोचिंग क्लासपुरते नाहीत. ते गावच्या शाळेलाही लागू आहेत. तिथे ते कधी पोहोचणार, हे पालकांनी विचारले पाहिजे.

गाव मनावर घेते तेव्हा काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने 2022 च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडण्याचा, कुंकू पुसण्याचा अपमान कुठल्या गोळीने बरा होणारा नव्हता. तो गावानेच थांबवायचा होता. सरकारने मग परिपत्रक काढून तोच कित्ता इतर गावांपुढे ठेवला. त्याच वर्षी स्वातंत्र्यदिनापासून सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे संध्याकाळी 7 वाजता भोंगा वाजू लागला. दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद, मुले अभ्यासाला आणि घरातली माणसे एकमेकांशी बोलायला मोकळी. दोन्ही ठिकाणी सुरुवात ग्रामसभेतून झाली, वरून आलेल्या योजनेतून नव्हे.

राजुरीने आणि जुन्नर-आंबेगावातल्या प्रत्येक गावाने येत्या ग्रामसभेत रस्ता, गटार आणि पाण्याबरोबर हा विषयही घ्यावा. मागण्या अवघड नाहीत. शाळेला स्वतंत्र समुपदेशक परवडत नसेल तर चार शाळांनी मिळून एक ठेवावा आणि त्याचा वार ठरवून द्यावा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांनी जवळच्या आरोग्य केंद्रात ठरलेल्या दिवशी यावे, यासाठी ठराव करून पाठपुरावा करावा. बिबट्याचा हल्ला झालेल्या घरी पंचनाम्यापाठोपाठ समुपदेशकही गेला पाहिजे. आशाताई, शिक्षक आणि दूध संस्थेचे सचिव रोज घरोघरच्या माणसांना भेटतात. कोण बोलेनासे झाले, कोणाचे जेवण कमी झाले, कोण डेअरीवर यायचे थांबले, हे त्यांना आधी कळते. त्यांना थोडे प्रशिक्षण मिळाले तरी पुष्कळ जीव सावरतील.

केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. तिचा क्रमांक 14416. तो शाळेच्या भिंतीवर, डेअरीच्या दारात आणि बाजार समितीच्या आवारात मोठ्या अक्षरांत लिहावा. एक डबा रंग पुरेल. त्यासाठी कुठल्याही निधीची वाट पाहू नका.