बाईची नाडी आणि मुकादमाचं घड्याळ

गरोदर बाईच्या मनगटावर बांधायचं घड्याळ निघालंय. बोटात घालायची अंगठीही निघालीय. तिच्या पोटातून उजेड लुकलुकतो, कातडीत शिरतो, रक्ताला भिडून परत येतो आणि ठोके मोजतो. झोप, चाल, कातडीची ऊब, सगळं रात्रंदिवस टिपलं जातं. पोटुशी बाईच्या अंगात रक्त जवळजवळ दीडपट होतं, बसल्या जागी नाडी मिनिटाला दहा-वीस ठोक्यांनी वाढते. दोन ठोक्यांमधल्या अंतरात बारीक चढउतार असतो. तो गरोदरपणात घटत जातो आणि बाळंतपणाच्या साधारण सात आठवडे आधी उलटा फिरतो, असं अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या संशोधकांना या नोंदींत दिसलं. म्हणजे उद्या कदाचित अवेळी येणाऱ्या कळांची चाहूल आधीच लागेल. बाळंतीण सावरतेय की खचतेय, तेही कळेल.

चांगलं आहे. यंत्राला शिव्या घालायचा धंदा गांधीवाद्यांचा, आपला नव्हे. बाबासाहेबांनी १९४५ सालीच गांधीवादाची चिरफाड करताना सांगून ठेवलंय, की दोष यंत्राचा नाही, समाजरचनेचा आहे. बदलायची ती रचना. तेव्हा दोस्तहो, आपला सवाल एवढाच : घड्याळ कुणाच्या मनगटावर? आकडे कुणाच्या हातात?

आधी कातडीचं बोलू. उजेडानं रक्त वाचणाऱ्या यंत्राला काळी कातडी नीट वाचता येत नाही. २०२० साली, ऐन कोरोनात, मिशिगनच्या डॉक्टरांनी हे उघडं पाडलं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर काळ्या रुग्णांच्या रक्तातला घटलेला ऑक्सिजन गोऱ्यांपेक्षा जवळजवळ तिप्पट वेळा चुकवत होता. यंत्राला जात नसते म्हणता? मग ते कुणाच्या बोटावर तपासून बाजारात आणलं, तेही सांगा.

बरं, आकडा बरोबर आला तरी ऐकणारा कान पाहिजे. सेरेना विल्यम्स. टेनिसमधली जगातली अव्वल बाई. पैसा, नाव, कशाची कमी? २०१७ साली बाळंतपणानंतर तिचा श्वास कोंडला. रक्ताच्या गाठींचा त्रास तिला जुना, म्हणून तिनं स्वतःच सांगितलं, स्कॅन करा. नर्सला वाटलं, औषधानं बाई बरळतेय. शेवटी स्कॅन झाला आणि फुप्फुसात गाठी निघाल्या. हट्ट धरला म्हणून वाचली. त्या देशात २०२३ साली लाख जिवंत जन्मांमागे गोऱ्या माता मेल्या १४.५, काळ्या मेल्या ५०.३. मनगटावर घड्याळ असून चालत नाही. काळ्या बाईच्या तोंडचा शब्द खरा मानणारा माणूस लागतो.

आता आपल्या गल्लीत या. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गर्भार बाया रक्तक्षयाच्या निघाल्या. त्यांचं हिमोग्लोबिन मोजायला बोटातून रक्ताचा एक थेंब पुरतो. रक्तदाब मोजायचा दंडाचा पट्टा तर १८९६ सालचा. दाब १४०/९० च्या वर गेला, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर पुढं झटके आणि मरण असू शकतं, हे डॉक्टरांना केव्हाचं ठाऊक आहे. सव्वाशे वर्षांचा पट्टा दर महिन्याला प्रत्येक झोपडीत पोचत नाही, आणि आम्हाला अंगठीची जाहिरात दाखवतात!

पण घड्याळ आमच्या बायांपर्यंत पोचलंच नाही असं म्हणू नका. पोचलंय ना! नागपूर, चंदीगडच्या महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं चढवली. त्यांना नाडीशी देणंघेणं नाही. कुठं उभी राहिलीस, किती वेळ बसलीस, एवढंच ती सांगतात. मुतारीला जायलाही धास्ती वाटते, असं बायांनी बोलून दाखवलं. बंगल्यातल्या गर्भार बाईला घड्याळ म्हणतं, बाई, जरा विसावा घे. झाडूवाल्या गर्भार बाईला घड्याळ म्हणतं, का बसलीस? च्यायला, घड्याळ तेच, जात बदलली की भाषा बदलते.

ऊसतोडीच्या बाईला तर घड्याळसुद्धा लागत नाही. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, मग पोट पुढं आलेलं असो की पाळी असो. बीड जिल्ह्यात २०१९ च्या सरकारी समितीनं ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी केली. १३ हजारांवर बायांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या.

आम्ही गोदीत काम करतो. तिथं क्रेनवर, हुकावर किती टन झेलायचं ते लिहिलेलं असतं. त्याच्या वर वजन लावलं तर काम थांबतं, कारण लोखंड तुटलं तर मालकाचं नुकसान. सातव्या महिन्यात घमेलं उचलणाऱ्या बाईच्या पाठीवर असा आकडा कुणी लिहिलाय?

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब प्रसूतीच्या पगारी रजेच्या बाजूनं उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं, असं त्यांनी बजावलं. १९२९ ला कायदा झाला. २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली, पण दहा किंवा जास्त माणसं असतील तिथंच. नाक्यावरची, धुणीभांड्याची, फडातली बाई बाहेरच राहिली.

म्हणून आपली मागणी साफ पाहिजे. आधी पट्टा, रक्ताची तपासणी, लोहाच्या गोळ्या आणि घरी येणाऱ्या आशाताईला पुरता पगार. कुठल्याही कामावरच्या बाईला बाळंतपणाची पगारी रजा. मग खुशाल घड्याळ द्या, पण काळ्या-सावळ्या कातडीवर तपासलेलं द्या. त्यातला आकडा बाईचा. तिला विचारल्याबिगर तो मुकादमाला नाही, विमा कंपनीला नाही, जाहिरातवाल्याला नाही. पाळीची नोंद ठेवणाऱ्या फ्लो या अ‍ॅपनं बायांची खासगी माहिती फेसबुक-गुगलला पुरवली, म्हणून २०२१ साली अमेरिकी सरकारला त्याच्यावर बंधनं घालावी लागली. तिथं हे घडतं, तर इथं सही-अंगठा घेऊन काय काय नेतील?

वस्तीतल्या पोरांनो, पोस्टर मागाहून रंगवा. आधी आपापल्या चाळीत किती बाया गरोदर आहेत, त्यांचा दाब शेवटचा कधी मोजला, ते विचारून या. वहीत लिहा. ती वही घेऊन दवाखान्याच्या दारात उभे राहू. तिथनं मोर्चा सुरू होतो.

जय भीम!