दूध दाट असलं म्हणजे पौष्टिक असतं का? जालन्यातल्या समजुती आणि त्यामागचं विज्ञान

भोकरदन असो की घनसावंगी, गावातल्या डेअरीवर सकाळचा ठरलेला प्रश्न असतो: आज फॅट किती लागली? गायीच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. फॅट घसरली की पैसे कापले जातात. साहजिकच घरातही दुधाला तेच माप लागतं. जाड साय आली तर दूध कसदार, आणि पिशवीतलं म्हणजे नुसतं पांढरं पाणी.

पण फॅट हे भावाचं माप आहे, पोषणाचं नाही.

दुधातली प्रथिनं, साखर आणि कॅल्शियम सायीत नसतात, ते एसएनएफमध्ये असतात. एसएनएफ म्हणजे स्निग्धांश सोडून उरणारा घनभाग. नियमानुसार टोन्ड दुधात किमान ३ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ लागतं. डबल टोन्डमध्ये फॅट दीड टक्का, पण एसएनएफ ९ टक्के. म्हणजे पातळ दिसणाऱ्या दुधातही कॅल्शियम जवळपास तेवढंच मिळतं. कमी होतात त्या कॅलरीज आणि फॅटमध्ये विरघळणारी अ आणि ड जीवनसत्त्वं. म्हणूनच काही पिशव्यांमधल्या दुधात ती वरून घातलेली असतात. '+एफ' अशी खूण त्यासाठीच असते.

वाढत्या वयाच्या, अंगाने बारीक मुलांना म्हशीचं दाट दूध जास्त ऊर्जा देतं, हे खरंच आहे. म्हशीच्या दुधाने बुद्धी मंद होते, या समजुतीला मात्र काहीही आधार नाही.

दुसरी समजूत शहरातून आली आहे आणि ती महागही आहे. देशी गायीचं 'ए२' दूध साध्या दुधापेक्षा बऱ्याच चढ्या दराने विकलं जातं. ए१ आणि ए२ हे दुधातल्या बीटा-केसिन या प्रथिनाचे दोन प्रकार. 'एफएसएसएआय' या केंद्रीय अन्न नियामक संस्थेने २१ ऑगस्ट २०२४ रोजी कंपन्यांना हे दावे पाकिटावरून काढायला सांगितलं आणि पाचच दिवसांत तो आदेश मागे घेतला. त्यामुळे दावे बाजारात कायम राहिले. ए१ दुधामुळे आजार होतात असं म्हणण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २००९ मध्येच काढला होता. गंमत म्हणजे म्हशीचं दूधही ए२च असतं.

या सगळ्यापेक्षा गंभीर समजूत वेगळीच आहे: मूल दूध पितंय ना, मग काळजी नाही. दुधात कॅल्शियम आहे, प्रथिनं आहेत, ब१२ आहे, पण लोह जवळजवळ नाहीच. १०० मिलीलीटर दुधात कॅल्शियम साधारण १२० मिलीग्रॅम मिळतं, लोह एक मिलीग्रॅमही नाही. दिवसभर दुधावर पोट भरलेलं मूल भाकरी-भाजी टाळतं. शिवाय दुधातलं कॅल्शियम अन्नातलं लोह शोषण्यात अडथळा आणतं.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६८.९ टक्के मुलं ॲनिमिक आढळली. कारणं अनेक आहेत आणि त्याचा दोष दुधाला देता येणार नाही. पण रक्त वाढवायचं म्हणून दुधाचा पेला वाढवणं हा यावरचा उपाय नव्हे. दुधाच्या चहात बुडवलेली बिस्किटं तर नाहीच, कारण चहातले घटक लोहाचं शोषण आणखी कमी करतात.

लोह बाजरीत आहे, डाळींत आहे, अंडी-मटणात आहे. धान्य-डाळींमधलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, आणि क जीवनसत्त्व तिच्यात भरपूर असतं. बाजरीच्या भाकरीसोबत मोसंबीच्या दोन फोडी किंवा वरणावर पिळलेलं लिंबू चालतं. दुधाचा पेला जेवणानंतर तासा-दोन तासांनी दिलेला बरा.