नोंदी ठेवा, पण बेतानं

अंगारकीच्या आदल्या रात्री गणपतीपुळ्यात खोली मिळणं मुश्कील. इथल्या आणि मालगुंडच्या काही घरगुती लॉजचं बुकिंगचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. पाहुण्याचे पैसे कापले गेले आणि खोली मात्र बुक झालेली नाही, असा मालकाचा फोन आला की मी आधी लॉग, म्हणजे सॉफ्टवेअरनं आपोआप ठेवलेल्या नोंदी, उघडतो. नेमकं काय घडलं, हे तिथंच कळतं.

हा लॉग लिहिण्यासाठी कुठलं फ्रेमवर्क घ्यावं, यावर नव्या मुलांचे वाद रंगतात. वेग कुणाचा जास्त, सोयी कुणात जास्त? माझं मत उलटं आहे: सोयी कमी असतील ते घ्या.

डिसेंबर २०२१ मध्ये जगभरचे प्रोग्रामर रात्री जागले, ते जावामधल्या ‘लॉगफोरजे’ या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीमुळे. नोंदीच्या मजकुरात ठरावीक सांकेतिक अक्षरं दिसली, की ही लायब्ररी बाहेरच्या सर्व्हरला विचारायला जायची. ही सोय २०१३ पासून तिच्यात होती. हल्लेखोरानं लॉगिनच्या चौकटीत तशी अक्षरं टाकायची, की त्याचा कोड तुमच्या सर्व्हरवर चालू! गांभीर्याच्या मोजपट्टीवर या त्रुटीला १० पैकी १० गुण मिळाले. नोंद करणाऱ्यानं नोंद करावी. त्याला गावभर चौकशा करायला कशाला पाठवायचं?

वेगाचंही तेच. नोंदी आधी मेमरीत साठवून मागाहून डिस्कवर उतरवल्या, तर काम झपाट्यानं होतं. सेकंदाला हजारो व्यवहार करणाऱ्या कंपनीला ते हवंच. पण कोकणातल्या पावसात वीज गेली आणि इन्व्हर्टरनंही मान टाकली, तर मेमरीतल्या शेवटच्या ओळी जातात. भांडण नेमकं त्याच ओळींवरून होतं. लॉजच्या काउंटरला तो वेग काय कामाचा? इथं ओळ लगेच डिस्कवर गेलेली बरी.

एक सोय मात्र हवीच: संवेदनशील मजकूर झाकण्याची. मे २०१८ मध्ये ट्विटरनं आपल्या ३३ कोटींहून अधिक वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं, कारण ते अंतर्गत लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते. लॉजवर तर पाहुणा आधार कार्डच पुढे करतो. तो क्रमांक लॉगमध्ये उतरला, तर तो कितीजणांच्या नजरेखालून जाईल याचा नेम नाही. शिवाय ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना लॉग १८० दिवस जपावे लागतात. म्हणजे चुकून लिहिलेलं लगेच पुसून मोकळं होता येत नाही. काय लिहायचं नाही, ते आधीच ठरवावं लागतं.

हे ठरवणं एकट्या प्रोग्रामरवर सोडू नये. सॉफ्टवेअर घेताना मालकांनी दराइतकीच घासाघीस या प्रश्नांवरही करावी: माझ्या पाहुण्याचं काय काय लिहून ठेवता, किती दिवस ठेवता आणि ते कोण वाचतं? ज्याला उत्तर देता येत नाही, त्याचं सॉफ्टवेअर कितीही वेगवान असलं तरी घेऊ नये.