न्यूमोनियाची दुसरी लस कशासाठी?

गेल्या महिन्यात एक सूनबाई आपल्या ७६ वर्षांच्या सासऱ्यांना घेऊन दवाखान्यात आल्या. काकांना मधुमेह आहे आणि हिवाळ्यात दम लागण्याची जुनी तक्रार आहे. मी त्यांना न्यूमोनियाची कॉन्ज्युगेट लस घेण्याचा सल्ला दिला. सूनबाईंनी फाइलमधून एक जुनी चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. "डॉक्टर, चार वर्षांपूर्वी बाबांना तुम्हीच न्यूमोनियाची लस दिली होती. ती २३ प्रकारांवर चालते, असे सांगितले होते. आता १३ प्रकारांची दुसरी घ्या म्हणता. मग २३ मोठे की १३?" काका हसून म्हणाले, "अगं, कंपनीला माल खपवायचा असतो!"

प्रश्न रास्त होता. ही लस स्वस्त नाही, आणि निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घराला खर्चाचे कारण समजून घेण्याचा अधिकार आहे. चार वर्षांपूर्वी मी केवळ आकडा सांगितला होता. ती लस शरीरातील कोणत्या पेशींना कामाला लावते, हे सांगितले नव्हते. ते राहिलेले काम आज येथे करतो.

न्यूमोकोकस हा न्यूमोनियाचा एक प्रमुख जिवाणू. त्याच्याभोवती शर्करेच्या लांब साखळ्यांचे वेष्टन असते. २३ प्रकारांच्या लसीत या वेष्टनातील निव्वळ शर्करा असते. आपल्या रक्तातील बी-पेशी ती ओळखतात आणि प्रतिपिंडे तयार करतात. परंतु उत्तम प्रतिपिंडे घडण्यासाठी बी-पेशींना साहाय्यक टी-पेशींची साथ लागते, आणि या टी-पेशी सहसा प्रथिनांचे तुकडेच ओळखतात. शर्करा त्यांच्या नजरेत भरत नाही. परिणामी बी-पेशी एकाकी लढतात. प्रतिपिंडे निर्माण होतात, पण काही वर्षांत ओसरतात, आणि रोगजंतूची दीर्घकाळ टिकणारी स्मृती फारशी मागे राहत नाही. दोन वर्षांखालील बालकांत तर अशी लस जवळपास निष्प्रभ ठरते.

यावरील तोड मूळची जुनी आहे. १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत एव्हरी आणि गोबेल या संशोधकांनी न्यूमोकोकसची शर्करा एका प्रथिनाला जोडून सशांना टोचली, आणि एरवी न मिळणारी प्रतिपिंडे त्यांना मिळाली. कॉन्ज्युगेट, म्हणजे जोडलेली लस, याच तत्त्वावर उभी आहे. बी-पेशी शर्करेला ओळखून पकडते, तेव्हा तिला जोडलेले प्रथिनही आत घेते. मग त्या प्रथिनाचे तुकडे ती आपल्या पृष्ठभागावर मांडते. ते पाहून टी-पेशी तिच्या मदतीला येते.

पुढचे काम लसिका ग्रंथींत चालते. ते आपल्याकडच्या तालमीसारखे आहे. बी-पेशी हे तेथले पैलवान आणि टी-पेशी हे वस्ताद. प्रत्येक फेरीत बी-पेशी आपल्या प्रतिपिंडांत बारीक बदल करतात. ज्यांची पकड अधिक घट्ट, त्यांनाच वस्ताद पुढच्या फेरीसाठी निवडतात. अशा निवडीतून घट्ट पकडीची प्रतिपिंडे आणि वर्षानुवर्षे टिकणाऱ्या स्मृतिपेशी तयार होतात.

उतारवयात हीच तालीम मंदावते. छातीतील थायमस ही ग्रंथी आक्रसते, नव्या टी-पेशी कमी मिळतात, आणि लसिका ग्रंथींतील निवडही शिथिल होते. म्हणून ज्येष्ठांसाठी लस रचताना शास्त्रज्ञ टी-पेशींना मुद्दाम सामील करून घेतात. काही लसींत प्रतिकारपेशींना सावध करणारे पूरक द्रव्य मिसळतात. ज्येष्ठांसाठीच्या एका फ्लूच्या लसीत तर नेहमीच्या चौपट मात्रा असते.

याचा उपयोग किती? नेदरलँड्समध्ये ६५ वर्षांवरील सुमारे ८५ हजार व्यक्तींवर १३ प्रकारांच्या कॉन्ज्युगेट लसीची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. लसीतील प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया सुमारे ४५ टक्क्यांनी, आणि त्याच प्रकारांचा रक्तात पसरणारा गंभीर संसर्ग सुमारे ७५ टक्क्यांनी घटला. हे अभेद्य कवच नव्हे, पण सत्तरीपुढच्या माणसासाठी ही घट मोलाची आहे.

कोणत्या पेशीला हाक मारायची हे आधी ठरवून लस रचण्याचा हा विचार आता आणखी पुढे गेला आहे. एचआयव्हीचा विषाणू सतत रूप पालटतो. त्याच्या अनेक रूपांना रोखणारी प्रतिपिंडे पुढे घडवू शकतील अशा बी-पेशी निरोगी माणसातही असतात, पण लाखो पेशींत एखादी. अमेरिकेतील स्क्रिप्स संशोधन संस्थेतील विल्यम शीफ आणि सहकाऱ्यांनी नेमक्या त्याच पेशींना जागे करणारा प्रथिनकण रचला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मानवी चाचणीत लस घेतलेल्या ३६ पैकी ३५ जणांत या पेशी अपेक्षेप्रमाणे जाग्या झाल्या. ही एचआयव्हीवरील तयार लस नव्हे. जाग्या झालेल्या पेशींना पुढच्या मात्रांनी टप्प्याटप्प्याने घडवण्याचे काम अजून पूर्ण झालेले नाही.

आता घरातल्या गोष्टींकडे वळू. ज्येष्ठांच्या फाइलमध्ये केवळ 'न्यूमोनियाची लस' असे न लिहिता लसीचे पूर्ण नाव आणि तारीख लिहून ठेवावी. पूर्वी २३ प्रकारांची लस घेतली असेल, तर कॉन्ज्युगेट लस किमान एक वर्षाच्या अंतराने घेता येते. आता अधिक प्रकार सामावणाऱ्या कॉन्ज्युगेट लसीही निघाल्या आहेत. आपल्यासाठी कोणती योग्य, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा किंवा फुप्फुसाचा जुना विकार असल्यास ही चौकशी लांबवू नये. पूर्वी एखाद्या लसीची तीव्र ॲलर्जी झाली असेल, तर ती आधी सांगावी. अंगात ताप असल्यास लस काही दिवस पुढे ढकलता येते.

न्यूमोनिया इतर जिवाणूंमुळे आणि विषाणूंमुळेही होतो, त्यामुळे लस घेतल्यावरही सावध राहावे. वृद्धांना कधी कधी ताप येतच नाही. जेवण तुटणे, एकाएकी बोलण्यात गोंधळ होणे, श्वासाची गती वाढणे, एवढीच लक्षणे असतात. ती दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

सारे ऐकून सूनबाईंनी विचारले, "मग आमच्या बाळाच्या कार्डावर पीसीव्ही लिहिले आहे, ती हीच का?" होय, त्याच जातीची. राष्ट्रीय लसीकरणात बालकांना ती सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, तसेच नवव्या महिन्यात मोफत दिली जाते. बालकांच्या नाकाघशात हा जिवाणू मुक्काम करतो आणि घरच्या वडीलधाऱ्यांपर्यंत पोचतो. जोडलेली लस तो मुक्कामही कमी करते. अमेरिकेत २००० पासून बालकांना ती मिळू लागल्यावर, लस न घेतलेल्या ज्येष्ठांतही गंभीर आजार घटला.

काका क्षणभर थांबले आणि बाही वर सारत म्हणाले, "म्हणजे नातवाने आपले काम आधीच केले आहे. आता माझी पाळी."