आधी बोटं, मग हॉर्सपॉवर

फर्स्ट इयरला कार्पेंट्री शॉपमध्ये आपण सगळ्यांनीच तो टी-लॅप जॉइंट केलाय. करवत, रंधा, पटाशी, जर्नलवर सही, विषय संपला! त्या जॉइंटने हाताला वळण लावलं हे मान्य. पण दोन मशीन समोर ठेवल्या तर त्यातली कुठली घ्यायची, हे मात्र आपल्याला कुणी शिकवत नाही. आणि घरी गेल्यावर लोक नेमकं हेच विचारतात.

माझं आजोळ धर्मापुरी. बाहेरची माणसं तिथे केदारेश्वराचं चालुक्यकालीन मंदिर बघायला येतात, आणि ते आहेच बघण्यासारखं. पण सुट्टीत माझा मुक्काम असतो शेजारच्या सुतारमामांच्या शेडमध्ये. (कॉन्व्हेंटवाल्या मुलीला ‘गुण्या’ आणि ‘वाकस’ हे शब्द तिथेच कळले. शुद्धलेखन संपादकांनी सांभाळून घ्यावं!)

मामांचं सध्याचं मशीन म्हणजे एक जाड प्लायचा टेबल, त्याखाली उलटा आवळलेला चार इंची मार्बल कटर, वर डोकावणारं लाकडाचं पातं. स्विच कायमचा लॉक. हा जुगाड तुम्ही तुमच्याही गावात पाहिला असेल. आपल्याकडे जुगाडाचं फार कौतुक होतं, पण या जुगाडाचं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. हिशोब करून बघा. 110 मिमीचं पातं मिनिटाला 12,000 फेरे फिरलं, तर दात्याचा वेग सेकंदाला जवळजवळ 69 मीटर, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास. वर गार्ड नाही, मागे काही नाही. मामांच्या डाव्या हाताचं एक बोट पेरापासून नाही. ते त्याबद्दल बोलत नाहीत, मीही विचारत नाही.

आता त्यांच्या मुलाला, म्हणजे आमच्या दादाला, पोर्टेबल टेबल सॉ घ्यायची आहे. साइटवर नेता येईल अशी. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: “किती एचपीची घ्यावं?” मी म्हटलं, “दादा, आधी सांग, चिरणार काय?”

कारण खरा फरक तिथे आहे. बाजारात मुख्यतः दोन मापं दिसतात, सव्वाआठ इंची आणि दहा इंची पातं. सव्वाआठचं सरळ काप साधारण 65 मिमी खोल जातं, दहाचं 79 मिमीच्या आसपास. फर्निचर, प्लाय, फळ्या एवढंच काम असेल तर लहान मशीन पुरते, वजनाला हलकी, टेम्पोत एकट्याने चढवता येते. पण दारांच्या चौकटीचं तीन इंची सागवान म्हणजे 76 मिमी. लहान मशीनवर ते उलटून दोनदा चिरावं लागणार. दादाचं निम्मं काम चौकटींचं, म्हणून त्याच्यासाठी दहा इंची. प्लायवाल्याला मी हेच सांगणार नाही.

मग वीज. गावात संध्याकाळी व्होल्टेज 190 वर येतं. देशी लोखंडी टेबलच्या इंडक्शन मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे 230 च्या तुलनेत जेमतेम 68 टक्के उरतो. पोर्टेबलमधली युनिव्हर्सल मोटर त्यातही ओढत राहते, पण तिचाही वेग उतरतो, आणि आवाज तर विचारू नका. 1,800 वॅट म्हणजे आठ अँपिअरच्या घरात, तेव्हा बारीक वायरचं 30 मीटरचं एक्स्टेन्शन लावून मशीनला दोष देऊ नये. 16 अँपिअरचा सॉकेट आणि जाड तांब्याची वायर हा खर्च मशीनच्या किमतीतच धरावा.

पण माझ्या लेखी पहिला नंबर रायव्हिंग नाइफचा. पात्याच्या मागे उभी असलेली ही पोलादी पट्टी. लाकूड चिरताना त्यातला ताण सुटतो, चीर मिटते, मागचे वर येणारे दाते लाकडाला पकडतात आणि ते सरळ तुमच्या पोटावर फेकतात. पट्टी चीर उघडी ठेवते. लोक घरी आणल्या आणल्या ती काढून ठेवतात, ‘मधे येते’ म्हणून!

अमेरिकेत स्टीव्ह गास नावाच्या, फिजिक्समध्ये पीएचडी केलेल्या पेटंट वकिलाने 1999 च्या सुमारास याच्याही पुढची गोष्ट काढली. पात्याला कातडी लागली की विद्युत सिग्नल बदलतो आणि अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसून पाच मिलिसेकंदांत ते थांबवतो. ‘सॉ-स्टॉप’ म्हणतात त्याला. पोर्टेबल रूपात ती 2015 मध्ये आली. ओल्या लाकडानेही ती फसू शकते, म्हणजे ताज्या बाभळीवर पंचाईतच. आणि दर वेळी ब्रेकचं कार्ट्रिज नवं घालावं लागतं. दादाच्या बजेटमध्ये ती नाही. पट्टी, गार्ड आणि लाकूड ढकलायची काठी मात्र आहे.

दुकानात गेलात तर गुण्या सोबत न्या. फेन्स पुढे-मागे सरकवून पात्याच्या दोन्ही टोकांपासूनचं अंतर मोजा, सारखं भरलं नाही तर दुसरं मशीन उघडायला लावा. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या. आणि वर्कशॉपच्या सरांना एक विनंती: पुढच्या फर्स्ट इयरच्या जर्नलमध्ये जॉइंटच्या ड्रॉइंगनंतर ही मोजणी एका पानावर येऊ शकेल का?