प्रथिन-चिप आणि आपला अग्निविचार

‘अमुक विकरावर निश्चित कार्य करते’ अशी ग्वाही देणारी औषधांची माहितीपत्रके अलीकडे सोलापुरातील आपल्या चिकित्सालयांतही येऊ लागली आहेत. विकर म्हणजे एन्झाइम. प्रयोगशाळेचा दाखला जोडलेला असला की आपण निःशंक होतो. त्या दाखल्यातून नेमके काय सिद्ध होते, याचा विचार वैद्य आणि औषधनिर्माते या दोघांनीही करणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रथिन-चिप ही सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो तेवढ्याच आकाराची काचपट्टी असते. तिच्यावर हजारो सूक्ष्म ठिपके असून प्रत्येकात एकेक प्रथिन स्थिर केलेले असते. रुग्णाचा रक्तरस तिच्यावर सोडला असता ज्या प्रथिनाशी त्यातील प्रतिपिंडाचा संयोग होतो, त्याचा ठिपका पुढील प्रक्रियेनंतर चमकतो. अमेरिकेत २००१ साली यीस्टची सुमारे ५,८०० प्रथिने अशा एका चिपवर मांडली गेली. आपल्याकडे पवईच्या आयआयटीत डॉ. संजीव श्रीवास्तव व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १७,००० मानवी प्रथिनांच्या चिपा वापरून मेंदूतील ग्लायोमा अर्बुदाच्या रुग्णांतील प्रतिपिंडांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला.

या पद्धतीने संयोग कळतो. कार्य कळतेच असे नाही. स्वादुपिंडातून ट्रिप्सिनोजेन हे निष्क्रिय द्रव्य स्रवते आणि लहान आतड्यात पोहोचल्यावरच त्याचे सक्रिय ट्रिप्सिन होते. केवळ प्रमाण मोजणाऱ्यास हा भेद दिसणार नाही. म्हणूनच केवळ सक्रिय विकरालाच चिकटणारी रासायनिक खूण शोधण्यात आली. बेंजामिन क्रॅव्हॅट व सहकाऱ्यांनी १९९९ साली एका विकरसमूहासाठी ती सिद्ध केली.

मंदाग्नी म्हणजे अग्नीचा अभाव नव्हे, त्याच्या कर्माचे दौर्बल्य होय, हे जाणणाऱ्या वैद्यास हा भेद परका वाटू नये. तथापि ‘अग्नी म्हणजे एन्झाइम’ असे समीकरण मांडणे आम्हांस मान्य नाही. जाठराग्नी, पाच भूताग्नी आणि सात धात्वग्नी ही संकल्पना कोणत्याही एका द्रव्यसमूहात मावणारी नाही.

औषधनिर्मात्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. त्रिफळ्यातील तिन्ही फळांत टॅनिन असते. टॅनिन बहुतेक प्रथिनांना चिकटते. कातडे कमावण्यात त्याचा हाच गुण उपयोगी पडतो. त्यामुळे त्रिफळा क्वाथ परीक्षानलिकेत ज्या विकराशी मिसळाल, त्याचे कार्य मंदावण्याचा संभव असतो. तो औषधाचा विशिष्ट गुण म्हणून छापणे ही ग्राहकाची दिशाभूल होय. टॅनिन काढून पुन्हा परीक्षा करणे आणि असंबद्ध विकरावरही तोच क्वाथ तपासणे, हा त्यावरचा उपाय आहे. हळदीतील कर्क्युमिन तर स्वतःच चमकते. प्रकाशावर आधारलेल्या मापनात ते गोंधळ करू शकते, असा इशारा २०१७ साली रसायनशास्त्रज्ञांनी दिला आहे.

मात्र या परीक्षांकडे पाठ फिरवणेही योग्य नव्हे. मिरीतील पिपेरीन यकृतातील एका महत्त्वाच्या औषधपाचक विकराची क्रिया मंद करते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. रक्तदाबाच्या किंवा इतर गोळ्या नित्य घेणाऱ्या रुग्णास दीर्घकाळ त्रिकटू देताना त्या गोळ्यांची चौकशी करणे, हे यातून आपल्याला मिळालेले उपयुक्त ज्ञान आहे.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे की, असा दावा पुढे आल्यास प्रत्येक सभासदाने तीन प्रश्न विचारावेत. मोजले ते प्रमाण की कार्य? टॅनिनसारख्या द्रव्यांचा परिणाम वगळला काय? परीक्षेत वापरलेली मात्रा रुग्णाच्या शरीरात पोहोचणे शक्य आहे काय? उत्तर नसेल, तर तो दावा वेष्टनावर छापू नये आणि रुग्णास सांगू नये.

उद्या अशा संशोधनास सोलापुरातून रुग्णांचे नमुने गेले, तर त्याआधी दोन वैद्यांनी परस्परांशी चर्चा न करता अग्निपरीक्षण लिहून ठेवावे. दोघांचे निदानच जुळले नाही, तर चिप कोणाशी ताडून पाहायची? आपल्या नोंदी सुधारण्याचे हे काम स्वस्त आहे, आपल्या हातचे आहे आणि प्रयोगशाळेची वाट न पाहता आजच आरंभता येण्याजोगे आहे.